व्हील कव्हर काढणं, बसवणं आणि सरळ करणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टीलच्या रिमवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या कव्हरांबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बऱ्याच उत्तरांत हवेचा व्हॉल्व्ह येईल, त्याला कारण आहे. कव्हर सरळ बसलंय की नाही हे लोगोवरून ठरत नाही. कव्हरच्या कडेला व्हॉल्व्हसाठी खाच ठेवलेली असते. व्हॉल्व्ह तिच्या मधोमध, कशालाही न टेकता उभा असला की कव्हर सरळ.

१. व्हील कव्हर, व्हील कॅप, हबकॅप हे सगळं एकच का?

बोलताना एकच. काटेकोर बोलायचं तर रिमचा जवळजवळ सगळा दर्शनी भाग झाकतं ते व्हील कव्हर, आणि फक्त मधलं भोक (फार तर नटही) झाकणारी छोटी वाटी म्हणजे हबकॅप किंवा सेंटर कॅप. अलॉय चाकांवर असते ती ही छोटी टोपी. तिच्या कडेला उचकटण्यासाठी खाच दिलेली नसेल तर ती बहुधा मागून ढकलून काढायची असते, म्हणजे आधी चाक उतरवावं लागतं. खालची सगळी उत्तरं मोठ्या कव्हरांसाठी आहेत.

२. ओढून बघण्याआधी माझं कव्हर कशाने धरलंय हे कसं ओळखू?

नटांकडे बघा. खरे नट दिसतच नसतील, किंवा भोकांतून आत खोलवर मोकळे दिसत असतील, तर कव्हर क्लिपांवर (मागच्या बाजूच्या, रिमच्या आतल्या कडेला पकडणाऱ्या लवचिक बोटांवर) आहे आणि ते ओढून निघतं. नटाचा पसरट भाग कव्हरच्या प्लास्टिकवर टेकलेला असेल तर कव्हर नटांखाली दाबलेलं आहे. ते ओढायचं नाही. प्रश्न १५ पाहा.

तिसरा प्रकार फसवा असतो. दिसणारे ‘नट’ प्लास्टिकचे असतात. नखाने टिचकी मारली की आवाजावरून कळतं. बऱ्याच कव्हरांवर ती नुसती नक्षी असते, पण काहींत हे प्लास्टिकचे नट खऱ्या नटाच्या डोक्यावर आट्यांनी फिरवलेले असतात आणि तेच कव्हर धरून ठेवतात. ते न सोडवता कव्हर ओढलं तर कव्हरची भोकं फाटतात.

३. काढायला काय काय लागतं?

प्लास्टिकची चपटी पट्टी, म्हणजे डॅशबोर्ड किंवा दाराची पॅनेल उचकटायला वापरतात ती, सगळ्यात उत्तम. ती नसेल तर रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला दोन पदरी कापड गुंडाळून. काही गाड्यांच्या हत्यारांच्या पिशवीत वाकवलेल्या जाड तारेचा एक आकडा असतो. अनेकांना तो कशाचा हे माहीत नसतं. तो कव्हर ओढायलाच दिलेला असतो. आणि हातमोजे घालाच, कारण स्टील रिमच्या भोकांच्या कडा आतून धारदार असतात.

४. क्लिपांवरचं कव्हर काढायची नेमकी पद्धत काय?

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. नुसतं कव्हर काढायला जॅकची गरज नाही, उलट चाक जमिनीवर टेकलेलं असलं तर ते फिरत नाही आणि काम सोपं होतं. नुकताच मोठा घाट उतरून आला असाल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, रिम आणि ब्रेक हात भाजण्याइतके तापलेले असतात.

कव्हरच्या भोकांतून आत बघून क्लिपा कुठे आहेत ते शोधा. त्या साधारण सारख्या अंतरावर असतात. पट्टी घालायची ती क्लिपेच्या अगदी शेजारी. दोन क्लिपांच्या मधोमध उचकटलं तर जोर क्लिपेवर जायच्या ऐवजी कव्हरच्या पातळ कडेवर जातो आणि कड चिरते. व्हॉल्व्हपाशी सुरुवात करू नका, समोरच्या बाजूने करा.

पट्टी कव्हर आणि रिम यांच्या फटीत गेली पाहिजे. घाईत ती रिम आणि टायर यांच्या मध्ये घातली जाते. कव्हर तर हलत नाहीच, वर टायरच्या कडेला इजा होते. फटीत नीट शिरल्यावर पट्टी हलकी पिळा, ‘टक’ असा आवाज येऊन एक क्लिप सुटेल. शेजारची सोडवा, मग तिसरी. आता पट्टी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी कव्हर सरळ स्वतःकडे ओढा. तिरपं ओढलं तर उरलेल्या क्लिपा बाजूला वाकून मोडतात.

५. एक बाजू सुटली, पण दुसरी अजिबात हलत नाही. काय अडकलं असेल?

तीन शक्यता. केबल टाय लावलेला असेल: आतल्या बाजूने बांधून शेपूट कापलेली असली की तो चटकन दिसत नाही. प्लास्टिकचा एखादा नट सोडवायचा राहिला असेल (प्रश्न २). किंवा रिम गंजून क्लिपा गंजात रुतल्या असतील. तिसऱ्या कारणाला गंज सोडवणारा स्प्रे क्लिपेपाशी थोडा मारून दहा मिनिटं थांबा, पण तो आत ब्रेक डिस्कच्या दिशेने उडवू नका. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. कोमट पाणी ओतून मग काढा.

६. परत बसवताना सुरुवात कुठून करायची?

व्हॉल्व्हपासून. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

आधी तयारी. रिमच्या आतल्या कडेला जिथे क्लिपा टेकतात तो पट्टा ओल्या कापडाने पुसा. वाळलेल्या चिखलाचा पातळ थर पुरतो, क्लिप पूर्ण बसत नाही. नट घट्ट आहेत ना ते आत्ताच तपासा, कव्हर बसल्यावर ते झाकले जातील. छोट्या-मध्यम गाड्यांत नटांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) बहुधा ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. चाक नुकतंच काढून बसवलेलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात, तोपर्यंत कव्हर डिकीत ठेवलेलं बरं.

मग कव्हर उलटं करून मागची तार बघा (प्रश्न ७). व्हॉल्व्हसाठीची खाच शोधा. गाडी थोडी पुढेमागे घेऊन व्हॉल्व्ह खाली आणता आला तर काम हलकं होतं: कव्हरचा खालचा भाग गुडघ्याने धरून ठेवता येतो आणि हात वरच्या भागाला मोकळे राहतात.

व्हॉल्व्ह खाचेतून बाहेर काढा आणि त्याच्या डावी-उजवीकडच्या दोन क्लिपा आधी बसवा. आता थांबून बघा की व्हॉल्व्ह दोन्हीकडून मोकळा आहे का. नसेल तर इथेच सगळं काढून पुन्हा लावा. सगळ्या क्लिपा बसल्यावर कव्हर पिळून फिरवायला गेलात तर क्लिपा मोडतील. मोकळा असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पुढे सरका. व्हॉल्व्हच्या समोरची क्लिप सगळ्यात शेवटी. दाब द्यायचा तो तळहाताच्या टाचेने, कडेवर, बरोबर क्लिपेच्या वर. रबरी हातोडा चालतो, लोखंडी नाही. कव्हरच्या मध्यावर मारून काहीच साधत नाही, मधला भाग पोकळ असतो आणि तोच तडकतो.

७. कव्हरच्या मागे जी गोल तार असते ती कशी बसवायची?

ही तार क्लिपांना बाहेरच्या दिशेने ताणून धरते. तार नसेल तर क्लिपा नुसती लवचिक बोटं आहेत, रिमला पकडणार नाहीत. (काही कव्हरांत तारेऐवजी प्रत्येक क्लिपेला स्वतंत्र स्टीलची पत्ती असते, त्यांना हे उत्तर लागू नाही.)

तार पूर्ण गोल नसते. एका जागी तिला बाक दिलेला असतो, तो व्हॉल्व्हसाठी. हा बाक कव्हरच्या खाचेशी जुळलाच पाहिजे. कव्हर धुताना तार निसटते, मग कशीही परत घातली जाते आणि बाक भलतीकडे जातो. बाहेरून खाच जुळलेली दिसते, पण आत तारेचा सरळ भाग व्हॉल्व्हवर दाबत असतो. ‘सगळं बरोबर लावलं तरी व्हॉल्व्ह वाकडाच’ या तक्रारीमागे आम्हाला बहुतेक वेळा हीच चूक सापडते.

काही क्लिपांना तारेसाठी दोन खाचा असतात. बाहेरच्या खाचेत तार घातली की पकड घट्ट होते, आतल्या खाचेत सैल. सगळ्या क्लिपांवर एकच खाच वापरा. निम्म्या आत, निम्म्या बाहेर असं केलंत तर कव्हर एका बाजूला ओढलं जाऊन मध्यावरून सरकतं.

८. शेवटची क्लिप काही केल्या आत जात नाही.

साबणाचं पाणी बोटाने त्या क्लिपेला लावा. तेल किंवा ग्रीस लावू नका. साबण वाळला की त्याचा निसरडेपणा जातो, ग्रीसचा जात नाही आणि कव्हर पुढे फिरू लागतं (प्रश्न १०). तरीही जात नसेल तर समोरच्या क्लिपा अर्ध्याच बसल्या आहेत असं समजा, कव्हर काढून पुन्हा पहिल्यापासून लावा. नेमक्या त्याच जागी बॅलन्सिंगचं वजन (चाक समतोल फिरावं म्हणून रिमवर लावलेला धातूचा छोटा तुकडा) असेल तर प्रश्न १२. आणि चारही चाकांवर असंच होत असेल तर साइज चुकली आहे, प्रश्न १४.

९. नीट बसलं हे कसं कळणार?

कडेवरून बोट फिरवा. कव्हर आणि रिम यांच्यातली फट सगळीकडे सारखी लागली पाहिजे. मग चार ठिकाणी बोटांनी बाहेर ओढून बघा, टकटक हलता कामा नये. शेवटी व्हॉल्व्हची टोपी बोटांनी काढा आणि लावा. टोपी काढताना बोटं अडखळत असतील तर हवा भरायचा नोझलही सरळ बसणार नाही.

१०. कव्हर आपोआप फिरतं आणि व्हॉल्व्ह तिरपा होतो. असं का होतं? गंभीर आहे का?

हो, गंभीर आहे, दिसायला किरकोळ असलं तरी.

चाक फिरताना रिमचा जो भाग जमिनीकडे येतो त्यावर गाडीचं वजन येतं आणि रिमची कड अगदी सूक्ष्म प्रमाणात दबून परत मूळ जागी येते. प्रत्येक फेऱ्याला हे घडतं. क्लिपांची पकड कमी असेल तर त्या क्षणी त्या केसभर सरकतात. त्यात जोरात ब्रेक मारला की चाक मंदावतं, पण कव्हर स्वतःच्या जडत्वाने पुढेच जाऊ पाहतं. काही दिवसांत खाचेची कड व्हॉल्व्हला टेकते आणि तिथून पुढे कव्हरला अडवण्याचं काम बिचारा व्हॉल्व्ह करतो. साध्या रबरी व्हॉल्व्हला हे सोसत नाही. त्याच्या बुडाशी रबराला चीर पडते आणि हवा हळूहळू जाऊ लागते. टायरमध्ये खिळा सापडत नाही, पण दर आठवड्याला हवा कमी, अशी तक्रार असेल तर कव्हर काढून व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा आणि व्हॉल्व्ह हलकेच दोन्हीकडे वाकवून बघा. बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बदलायलाच हवा. त्यावर चिकटवण्याचा इलाज नाही.

कव्हर खरंच फिरतंय का हे तपासायला खडूने कव्हर, रिम आणि टायर यांवरून जाणारी एक सरळ रेघ काढा. २०–३० किलोमीटर चालवून बघा. कव्हरवरची रेघ रिमच्या रेघेपासून सरकली असेल तर क्लिपा सैल आहेत: तार बाहेरच्या खाचेत घाला, रिमवरचा वंगणाचा थर पुसा, झिजलेल्या क्लिपा असतील तर कव्हर बदला. कव्हर आणि रिम जुळलेले पण टायरवरची रेघ सरकली असेल तर दोष कव्हरचा नाही. टायर रिमवर घसरतोय. हवा फार कमी असताना, किंवा टायर नुकताच चढवला असेल आणि चढवतानाचं वंगण वाळलेलं नसेल तेव्हा असं होतं, आणि त्यात बॅलन्सिंगही बिघडतं.

सरळ करताना कव्हर जागेवरच पिळून फिरवायचं नाही. पूर्ण काढून प्रश्न ६ प्रमाणे लावायचं.

११. चालताना चाकातून आवाज येतो. कव्हरचाच आहे हे कसं ठरवू?

त्या चाकाचं कव्हर काढून तोच रस्ता फिरून या. यापेक्षा खात्रीची चाचणी नाही. आवाज गेला तर कव्हरचा. हळू वेगात, चाकाच्या फेऱ्यागणिक ‘टिक टिक’ येत असेल तर क्लिप मोडलेली असते किंवा आत खडा अडकलेला असतो. ‘करकर’ असेल तर प्लास्टिक रिमवर घासतंय. कव्हर अर्धवट बसलेलं असतं. कव्हर काढूनही ‘टक टक’ राहिली तर गाडी पुढे नेऊ नका, नट तपासा. सैल नटांचा आवाज कव्हरचा समजून लोक दिवसेंदिवस गाडी चालवत राहतात, यातला खरा धोका तोच.

१२. बॅलन्सिंग करून आणल्यापासून एका चाकाचं कव्हर बसत नाही.

रिमच्या बाहेरच्या कडेवर ठोकलेलं वजन क्लिपेच्या किंवा कव्हरच्या कडेच्या आड येतंय. वजन स्वतः उपटू नका किंवा सरकवू नका, बॅलन्सिंग बिघडेल. पुन्हा बॅलन्सिंग करून बाहेरच्या कडेवर ठोकलेल्या वजनाऐवजी रिमच्या आतल्या भिंतीवर चिकटणारी वजनं लावून घ्या. बॅलन्सिंगला जाताना कव्हर आधीच काढून न्यावं, आणि काम झाल्यावर तिथेच बसवून बघावं.

१३. कव्हर काढलं-लावलं तर व्हील अलाइनमेंट पुन्हा करावी लागते का?

नाही. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन, ते सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या जोडांवर ठरतात. कव्हरचा त्यांच्याशी काही संबंध नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल तर कव्हर कितीही सरळ केलं तरी ती ओढतच राहील.

१४. साइज कशी ठरवायची? टेपने मोजली तर भलताच आकडा येतो.

टेप ठेवून द्या आणि टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचा. ‘१६५/८० आर १४’ असं असेल तर शेवटचे १४ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, आणि कव्हरही १४ इंचीच लागेल. हा व्यास टायरची कड जिथे रिमवर बसते तिथला असतो. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्याच्या बाहेर रिमची उभी कड दोन्हीकडे साधारण साडेसतरा मिलिमीटर वर आलेली असते, म्हणून बाहेरून मोजलं की ३९ सेंटिमीटर, म्हणजे साडेपंधरा इंचांच्या आसपास भरतं. टेपवर भरवसा ठेवून १५ इंची आणलेलं कव्हर १४ इंची रिमवर कधीच बसणार नाही.

साइज बरोबर असूनही कव्हर बसत नसेल तर नटांची उंची आणि मधल्या हबचा फुगवटा बघा. खोलगट नसलेलं कव्हर हबला टेकतं आणि कडा अधांतरी राहतात.

१५. नटांखाली दाबलेलं कव्हर कसं काढायचं आणि कसं लावायचं?

नट सोडवल्याशिवाय ते निघत नाही, त्यामुळे इथे जॅक लागतो. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा. काही कव्हरं सगळ्या नटांखाली असतात, काही दोन-तीन नटांखालीच, बाकीचे नट भोकांतून मोकळे. काढताना कोणता नट कुठला होता ते बघून ठेवा.

लावताना खरी जोखीम ही की कव्हरच्या भोकाची कड नटाचा उतरता भाग आणि रिमची बैठक यांच्या मध्ये सापडू शकते. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, टॉर्कही भरतो, पण धातू धातूवर बसलेला नसतो. काही दिवसांत प्लास्टिक दबतं आणि नट सैल पडतो. म्हणून प्रत्येक नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, कव्हर बोटांनी हलवून ते चिमटलं नाही ना ते बघा, मगच पान्हा लावा. समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा.

१६. एक-दोन क्लिपा मोडल्या आहेत. चिकटवून चालेल का?

नाही. क्लिप सतत वाकते-सुटते, चिकटवलेला जोड ते सहन करत नाही. लांब लांबच्या दोन क्लिपा गेल्या असतील आणि कव्हर प्रश्न ९ च्या कसोटीला उतरत असेल तर केबल टाय लावून वापरता येईल. शेजारशेजारच्या दोन गेल्या तर ते कव्हर संपलं. सुटं होऊन उडालेलं कव्हर मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाऊ शकतं.

१७. केबल टाय लावावेत का? किती?

खड्ड्यांच्या रस्त्यावर किंवा चोरीची भीती असेल तर जरूर. समोरासमोर चार पुरेत, दोनही चालतील. एकच लावू नका, मोडलेलं कव्हर त्याच्यावर लोंबकळत आपटत राहतं. कव्हरचं भोक आणि रिमचं भोक यांतून टाय घ्या, गाठ बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे कापताना दिसेल. आतल्या टोकाजवळ ब्रेक कॅलिपर (ब्रेक डिस्क दाबणारा भाग) किती अंतरावर आहे ते चाक फिरवून पाहा. व्हॉल्व्हपासून दूर राहा. घट्ट आवळू नका, टाय हा फक्त आधार, पकड क्लिपांचीच हवी. आणि एक छोटा कटर गाडीत ठेवा, नाहीतर पंक्चर झाल्यावर दातांनी टाय तोडायची वेळ येईल.

१८. डावी-उजवी बाजू असते का?

नक्षी फिरत्या पात्यांसारखी असेल तर असू शकते. मागे बाण किंवा ‘एल’, ‘आर’ अशी अक्षरं कोरलेली असतात. खुणा नसतील तर कुठलंही कुठेही लावा.

१९. स्टेपनीवर कव्हर बसेल का?

स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच साइजची असेल तर बसेल. ती छोटी, तात्पुरती असेल तर नको. त्या चाकावर कमी वेगाने आणि कमी अंतर जायचं असतं. कव्हर नसलं की ते नजरेसमोर राहतं.

२०. कव्हरमुळे ब्रेक तापतात का?

गाडीबरोबर आलेल्या कव्हरांना हवेसाठी पुरेशी भोकं ठेवलेली असतात, त्यांनी तापत नाहीत. जवळजवळ बंद तबकडीसारखं कव्हर मात्र लांब घाट उतरताना हवा अडवतं. भरलेली गाडी घेऊन डोंगराळ रस्त्याला जाणार असाल तर तसलं कव्हर काढून ठेवा.

२१. धुताना आणि रंगवताना काय टाळायचं?

पेट्रोल, थिनर आणि अलॉयसाठी मिळणारे आम्लयुक्त द्राव. बहुतेक कव्हरं एबीएस किंवा तत्सम प्लास्टिकची असतात. एबीएसवर थिनरने केसासारख्या बारीक भेगा पडतात, आधी न दिसणाऱ्या, आणि मग एका खड्ड्यात कव्हर तडकतं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. रंगवायचं असेल तर ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासून, प्लास्टिकचा प्रायमर मारून मग रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. क्लिपांवर आणि तारेवर रंग जाऊ देऊ नका.

२२. रस्त्यात पंक्चर झालं, अंधार आहे. कव्हर परत लावू का?

नको. डिकीत टाका. कव्हर नसल्याने गाडीला काही होत नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात नट तपासून प्रश्न ६ प्रमाणे लावा.